सूज आणि बाळसे : सोलापूरच्या उन्हाळ्यातले पाण्याचे वजन

एखाद्याची कुवत ओळखणे याला मराठीत 'त्याचे पाणी जोखणे' म्हणतात. जोखणे हे क्रियापद तागडीचे. धान्य, सोने, कापूस जोखावा, तसे पाणी जोखायचे. दुसरा एक वाक्प्रयोग आम्हा लिहिणाऱ्यांच्या फार आवडीचा आहे : 'ही सूज आहे, बाळसे नव्हे.' एखाद्या वर्षी कवितासंग्रह भरमसाट निघाले, एखाद्या वाङ्मयप्रवाहाचा अकस्मात बोलबाला झाला, की हे वाक्य हटकून येते. आम्हीही ते वापरले आहे. वापरताना मात्र त्याच्या मूळ अर्थाकडे, म्हणजे शरीराकडे, आमचे लक्ष गेले नव्हते. सूज म्हणजे साठलेले पाणी. बाळसे म्हणजे धरलेले मांस आणि मेद. दोहोंनाही वजन असते. तागडीत बसवले तर दोघांचाही आकडाच येतो, आणि त्या आकड्यावर 'हे पाणी' किंवा 'हे मांस' असे लिहिलेले नसते.

प्रस्तुत लेखात रूपक बाजूला ठेवून या वाक्याच्या शब्दशः अर्थाचा थोडा इतिहास पाहावा, असा आमचा विचार आहे. त्यासाठी सोलापूर हे स्थळ आम्ही दोन कारणांनी निवडले आहे. उन्हाळ्यात माणसाच्या अंगातल्या पाण्याचे काय होते, हे शिकवणारे याहून उघड गाव महाराष्ट्रात शोधावे लागेल. आणि याच जिल्ह्यात १८७७ च्या उन्हाळ्यात माणसाला जगायला किती पुरते, या प्रश्नाचे उत्तर सरकारने एका वजनात दिले होते.

प्रथम उन्हाळा. सोलापूरचा चैत्र-वैशाख कोरडा असतो. पारा चाळिशीच्या वर जातो, आणि दुपारची हवा इतकी शुष्क असते की घाम अंगावर ठरत नाही. मुंबईचा पाहुणा येथे येऊन म्हणतो, 'ऊन आहे, पण घाम नाही.' हा भ्रम आहे. घाम येतो आणि येताक्षणी उडून जातो. संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उरतात, तीच त्याची नोंद. एक लिटर घाम उडून जाताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. बाहेरची हवा अंगाहून गरम असताना थंड राहण्याचा शरीराला हा एकच मार्ग उरतो. उन्हात राबणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो, कधी त्याहूनही अधिक. एक लिटर म्हणजे जवळजवळ एक किलो. म्हणजे सकाळी काट्यावर उभा राहिलेला माणूस दुपारी पुन्हा उभा राहिला तर दोन किलोंनी हलका भरणे अशक्य नाही. त्या दोन किलोंत चरबी म्हणावी अशी जवळजवळ नसते. रात्री पाणी, ताक, जेवण पोटात गेले की दुसऱ्या सकाळी आकडा बहुतेक पूर्वपदावर येतो.

याच्या उलट अनुभवही सोलापूरकरांच्या परिचयाचा आहे. उन्हाळा लागता लागता पहिल्या आठवड्यात पाय जड होतात, चपलेचा पट्टा रुततो, बोटातली अंगठी निघत नाही. आणि कमी जेवूनही वजन किलो-दीड किलोने वाढलेले दिसते. याचे कारण असे की, उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, उभ्या किंवा बैठ्या माणसाच्या पायांत रक्त साकळते आणि त्यातले थोडे पाणी भोवतालच्या ऊतींत झिरपते. त्याच सुमारास शरीर एक दुसरी तयारी करत असते. मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात; रक्तातला पातळ भाग वाढतो; घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. मीठ धरून ठेवण्याचा हुकूम देणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक १९५३ मध्ये वेगळे काढता आले. ही सारी जुळवाजुळव साधारण दहा ते चौदा दिवसांत पुरी होते. मग पाय उतरतात, अंगठी सैल होते. वाढलेले ते वजन म्हणजे शरीराने उन्हाळ्यासाठी भरून ठेवलेला रांजण होता. त्याला लठ्ठपणा म्हणणे चूक, आणि पाणी उतरवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊन तो रांजण फोडणे ही त्याहून मोठी चूक. हे निरोगी माणसापुरते झाले. एकाच पायाची सूज, दम लागणे, न उतरणारी सूज यांची कारणे हृदयात, मूत्रपिंडात किंवा अन्यत्र शोधावी लागतात; ते काम वैद्यांचे.

आपल्या भाषेने या घडामोडींना फार पूर्वी नावे दिली आहेत. अंगातले पाणी आटून लघवीला जळजळ होऊ लागली की 'उन्हाळी लागली' म्हणतात. ऋतूचे नाव थेट व्याधीला देणारा हा शब्द आहे. माणूस 'सुकतो', 'वाळतो', 'उतरतो', 'झिजतो'. यातले सुकणे आणि वाळणे पाण्याचे, झिजणे मांसाचे. बोलताना आपण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, तरी त्यांतला भेद भाषेने जपून ठेवला आहे.

शास्त्रग्रंथांतही हा विचार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतुचर्येचा जो अध्याय आहे, त्यात वर्षाचे दोन भाग केले आहेत. शिशिर, वसंत, ग्रीष्म हा आदानकाळ, म्हणजे सूर्य जगातला ओलावा काढून घेतो तो काळ. वर्षा, शरद, हेमंत हा विसर्गकाळ. ग्रीष्मात बळ सर्वांत क्षीण, म्हणून गोड, थंड, पातळ, स्निग्ध आहार घ्यावा आणि व्यायाम टाळावा, असा त्याचा आशय. खारट पदार्थही तेथे वर्ज्य सांगितले आहेत. सावलीत राहू शकणाऱ्या माणसाला हा नियम चालेल. उन्हात खडी फोडणाऱ्याला चालणार नाही. ऋतुचर्येचा वाचक कोण होता, हे या एका तपशिलातून कळते.

युरोपात माणूस तागडीत बसला तो सतराव्या शतकात. इटलीतल्या पादुआचा वैद्य सांतोरिओ याने तुळईला टांगलेली एक खुर्ची केली आणि तीत बसून, जेवून, झोपून तो वर्षानुवर्षे स्वतःचे वजन करत राहिला. १६१४ च्या त्याच्या पुस्तकातला निष्कर्ष असा की, खाल्ल्याप्यायल्या आठ पौंडांपैकी तीन पौंडांचाच हिशेब मलमूत्रातून लागतो. उरलेले पाच पौंड न दिसता त्वचेवाटे व श्वासावाटे निघून जातात. आकडे पुढे सुधारले गेले, पण दिवसभरात शरीराचे वजन हलते ते मुख्यतः पाण्याने, हे तागडीला प्रथम कळले ते येथे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या वाळवंटात सैनिकांची वजने करणाऱ्या अ‍ॅडॉल्फ या शास्त्रज्ञाने १९४७ च्या ग्रंथात आणखी एक गोष्ट नोंदवली. शेजारी हवे तितके पाणी ठेवले तरी उन्हात राबणारा माणूस घामाच्या मानाने कमीच पितो. तहान मागे राहते, काटा खरे सांगतो.

तेव्हा काटा खोटे बोलतो असे आमचे म्हणणे नाही. एका दिवसाच्या आत तो पाण्याचा उत्तम साक्षीदार आहे. त्याच्याकडून मांसाची साक्ष काढू गेले की तो फसवतो. हे फसणे किती महाग पडू शकते, हे पाहण्यासाठी आता १८७७ कडे वळू.

सोलापूर हा रब्बीचा मुलूख. ज्वारीची भिस्त परतीच्या पावसावर. १८७६ मध्ये पावसाने दगा दिला, रब्बीची आशा संपली आणि दख्खनचे जिल्हे एकापाठोपाठ एक दुष्काळात गेले. सोलापूर आणि त्याच्या दक्षिणेचा कलादगी, म्हणजे आजचा विजापूर-बागलकोटचा मुलूख, हे सर्वांत होरपळलेल्यांत होते. सरकारने तलावांची, रस्त्यांची कामे काढली. सोलापूर जिल्ह्यातला आष्टीचा तलाव अशा दुष्काळी कामातूनच उभा राहिला. आज त्याच्या बांधावर उभे राहिले तर दिसते ते पाणी. त्या मातीखाली ज्यांचे पाणी आटले त्यांची नोंद तेथे नाही.

कामावरच्या माणसाला मजुरी किती द्यायची, हा वाद तेव्हा पेटला. व्हाइसरॉयचा दुष्काळ प्रतिनिधी म्हणून जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल दक्षिणेत आले. खर्च आवरणे हा त्यांच्यावरचा मुख्य हुकूम होता. प्रौढ पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी रोकड पुरेल, असे प्रमाण त्यांनी लावले. इतिहासात ते 'टेंपल मजुरी' म्हणून ओळखले जाते. दख्खनमधल्या कामांवरून हजारो मजूर हे प्रमाण नाकारून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला पत्रांमागून पत्रे पाठवली. सभेचे प्राण असलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, या उद्योगात अग्रभागी होते. उपाशी माणसांनी अर्धपोटी मजुरी धुडकावली, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात जितकी यावी तितकी आलेली नाही. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीही टेंपल यांना लेखी विरोध केला. त्यांचा युक्तिवाद साधा होता : सक्तमजुरीच्या कैद्याला सरकार जितके खाऊ घालते, त्याहून कमी अन्नावर हे लोक तितकेच श्रम कसे करतील?

टेंपल यांचे उत्तर प्रत्यक्ष पाहणीचे होते. आपण कामांवर हिंडलो, माणसे पाहिली, ती तगून आहेत. आमच्या विषयाचा गाभा येथे आहे. माणूस तगला आहे की नाही हे डोळ्यांना कसे कळते? भरलेल्या गालांवरून, न दिसणाऱ्या फासळ्यांवरून. आणि दीर्घ उपासमारीत नेमके हेच चिन्ह उलटते. मांस झिजत जाते तसतसे पाणी त्याची जागा घेऊ लागते. पाय, घोटे, पुढे चेहरासुद्धा सुजतो. वैद्यकात याला दुष्काळी सूज म्हणतात. टेंपल यांनी अशी माणसे पाहिली की नाही, हा आमचा मुद्दा नाही. 'पाहून ठरवणे' या कसोटीतच सूज आणि बाळसे एकत्र कालवले जातात, हा आहे.

त्या कसोटीची परीक्षा पुढे ६८ वर्षांनी, दुसऱ्याच खंडात झाली. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धानंतरच्या युरोपातल्या उपाशी जनतेला कसे सावरावे हे कळावे, यासाठी तो प्रयोग होता. त्यांचा आहार दिवसाला सरासरी १६०० किलोकॅलरींच्या जवळपास होता. एक पौंड धान्याचे माप साधारण तितकेच भरते. हे तरुण आठवड्याला २२ मैल चालत. खडी फोडत नव्हते, सोलापूरच्या वैशाखात माती उपसत नव्हते. तरी त्यांचे वजन जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटले. पण मांस आणि चरबी ज्या प्रमाणात गेली त्या प्रमाणात पेशींबाहेरचे पाणी गेले नाही. देहाच्या वजनातला त्याचा वाटा सुमारे चौथ्या हिश्शावरून तिसऱ्या हिश्शापर्यंत चढला. घोटे सुजले, चेहरे फुगले. म्हणजे काट्याने जी झीज दाखवली, तीसुद्धा खऱ्या झिजेहून कमीच होती. आणि पोटभर अन्न सुरू झाल्यावर कित्येकांचे वजन प्रारंभी म्हणावे तसे वाढेना, कारण मांस भरत असताना साठलेले पाणी उतरत होते.

आता हे सारे आष्टीच्या बांधावर नेऊन ठेवावे. एक पौंड ज्वारी, डोक्यावर वैशाखाचे ऊन, आटलेल्या विहिरी, आणि त्या वर्षी फिरत असलेली पटकी. त्या देहात दोन विरुद्ध क्रिया एकाच वेळी चालत असणार. दिवसा घामाने तो सुकत होता. महिन्यांच्या हिशेबात उपासमारीने तो सुजत होता. उन्हाळ्यातली निरोगी माणसाची सूज आणि दुष्काळातली ही सूज, दोन्ही पाण्याच्याच. पण पहिली जगण्याची तयारी आहे आणि दुसरी तोल सुटल्याची खूण. वरून दोन्ही सारख्या दिसतात.

या हिशेबात आणखी एक पदार्थ राहिला : मीठ. घामावाटे जाते ते नुसते पाणी नसते, आणि शरीर पाणी धरते ते मिठाच्या आधाराने. मीठ न देता नुसते पाणी पाजले तर राबणाऱ्याच्या अंगात पेटके येतात. १९२३ मध्ये इंग्लंडच्या खाणकामगारांचा अभ्यास करून मॉस यांनी हे दाखवले. आपल्याकडे उन्हातून आलेल्याला मीठ घातलेले ताक देण्याची रीत त्याहून जुनी आहे. भाकरीबरोबर मीठ-मिरची हेच ज्याचे कालवण, त्याच्या दृष्टीने मीठ ही चैन नव्हे. आणि १८७७-७८ मध्ये, दुष्काळ सरला नव्हता तोच, मुंबई व मद्रास इलाख्यांत मिठावरचा कर मणामागे १ रुपया १३ आण्यांवरून २ रुपये ८ आण्यांवर नेण्यात आला. इलाख्या-इलाख्यांतली तफावत मिटवावी, हा त्यामागचा प्रशासकीय विचार होता. हिशेबनीसाच्या वहीत धान्य एका पानावर, मीठ दुसऱ्या पानावर आणि ऊन कुठल्याच पानावर नव्हते. देहात मात्र ती तिन्ही एकत्र होती. १८७२ आणि १८८१ या दोन शिरगणत्यांच्या मधे सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. टेंपल स्वतः १८७७ च्या मेमध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले.

याच दशकात सोलापुरात कापडगिरणीचा भोंगा वाजू लागला. पुढे 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेलेली ती गिरणी आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या आता बंद आहेत, पण घामाच्या इतिहासात त्यांचे एक पान आहे. कोरड्या हवेत सूत तुटते. म्हणून विणकामाच्या खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवावी लागे. जी कोरडी हवा सोलापूरकराचा घाम उडवून त्याला तारते, तीच सुताला मारते. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये दाखवले होते की, दमट आणि स्थिर हवेत घाम कितीही आला तरी तो उडत नाही, आणि मग शरीराचे तापमान चढत जाते. घाम जातो, वजन घटते, पण थंडावा मिळत नाही. यंत्रमागाच्या पत्र्याखाली उभ्या राहणाऱ्या कामगाराला हे सांगावे लागत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? आपल्याकडे दुष्काळाचे लेखन आहे. हरिभाऊ आपट्यांची 'काळ तर मोठा कठीण आला' ही कथा आहे; सोलापूरला लागून असलेल्या माणदेशातली माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आहे, जिच्या अखेरीस गाव ओस पडते. हे लेखन वाचताना आपण भूक शोधतो, आणि भुकेचे चित्र आपल्या मनात एकच असते : हाडांचा सापळा. छायाचित्रांनी ते पक्के केले आहे. सुजलेला, गुबगुबीत दिसणारा उपाशी माणूस त्या चित्रात बसत नाही. लिहिणारा, वाचणारा आणि पाहणी करणारा अधिकारी, तिघेही त्याला ओलांडून पुढे जाण्याची शक्यता असते. वास्तववादाची चर्चा करताना 'जे दिसते ते लिहिले' हे आपण गुण म्हणून सांगतो. दिसण्यावर किती विसंबावे, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचित येतो.

वैद्यकाने त्या प्रश्नाचे एक उत्तर शोधले आहे, आणि ते आमच्या वाक्प्रयोगाशी इतके जुळते की आम्ही चकित झालो. सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी १९३३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्ट येथे, म्हणजे आजच्या घानात, लहान मुलांच्या एका रोगाचे वर्णन केले. दोन वर्षांनी त्याला तेथल्याच भाषेतले 'क्वाशिओरकोर' हे नाव दिले. पाठचे भावंड आल्यावर अंगावरून सुटलेल्या मुलाचा तो आजार. अशा मुलाचे गाल गोल असतात, पाय भरलेले दिसतात; अजाण डोळ्याला ते बाळसेदार वाटते. ती सूज असते. आज कुपोषणाच्या कसोट्यांत असा नियम आहे की, मुलाच्या दोन्ही पायांवर दाबून खड्डा राहणारी पोषणाच्या अभावाची सूज असेल तर त्याचे वजन कितीही भरो, ते तीव्र कुपोषितच मानायचे. योग्य उपचार सुरू झाले की त्या मुलाचे वजन आधी घटते, मग वाढते. केवळ काट्याकडे पाहणारी आई घाबरेल. म्हणून तिला हे आधी समजावून सांगावे लागते.

ही परीक्षा करायला यंत्र लागत नाही. पायाच्या वरच्या भागावर अंगठा तीन सेकंद दाबून धरायचा आणि उचलायचा. मांस असेल तर ते परत वर येते. पाणी असेल तर अंगठ्याचा ठसा तसाच राहतो. त्यासाठी परीक्षकाला त्या पायापाशी वाकावे लागते, त्याला हात लावावा लागतो. दौऱ्यावरच्या घोड्यावरून ते होत नाही. आता एखाद्या वर्षीच्या कवितासंग्रहांविषयी ते प्रसिद्ध वाक्य लिहायची वेळ आली, तर अंगठा टेकवून पाहिला होता का, असे आम्ही आधी स्वतःला विचारू.